डोक्याला मार लागल्यावर डोकं दुखतंय, मग ‘कडक इंजेक्शन’ का देत नाहीत?

चोपडा तालुक्यातल्या एका तरुणाने विचारलंय, ते थोडक्यात असं. त्याचे ५४ वर्षांचे काका लग्नाहून रात्री मोटारसायकलवर परत येत होते. कुत्रं आडवं आलं, गाडी घसरली. हेल्मेट नव्हतं. दोन-तीन मिनिटं शुद्ध नव्हती, मग आपणहून उठून बसले. तालुक्याला सहा टाके पडले, तिथून जळगावला पाठवलं, सीटी स्कॅन नॉर्मल आला, एक दिवस-रात्र ठेवून घरी सोडलं. त्या रात्री काका डोकं धरून कण्हत होते आणि ड्युटीवरचे डॉक्टर पॅरासिटामॉलच्या पुढे काही द्यायला तयार नव्हते. आज पाचवा दिवस. डोकं अजून दुखतंय. मेडिकलवरून आणलेल्या गोळ्या चालू आहेत आणि गावातले डॉक्टर म्हणतात, एक इंजेक्शन ठोकू, मोकळं होईल. पुतण्याला दोन गोष्टी हव्या आहेत: रुग्णालयात दुखण्याकडे दुर्लक्ष झालं का, आणि आता हे इंजेक्शन घ्यावं का.

भाऊ, मी गेली १९ वर्षं खान्देशातच कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात, डॉक्टर म्हणून काम करतोय. हायवेवरचे अपघात, केळीच्या ट्रकवरून पडलेले हमाल, उन्हाळ्यात धाब्यावर (घराच्या सपाट छतावर) झोपून रात्री खाली आलेली माणसं, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झोक्यावरून पडलेल्या पोरी, असं सगळं पाहिलंय. तरी एक गोष्ट आधीच सांगतो. तुमच्या काकांना मी तपासलेलं नाही. त्यांची हृदयाची किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, ते दारू घेतात का, दुखणं दिवसागणिक कमी होतंय की वाढतंय, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि माझं निम्मं उत्तर त्यावरच अवलंबून आहे. म्हणून मी विचार कसा करतो ते सांगतो. त्यातलं काकांना काय लागू पडतं, ते त्यांना पाहणाऱ्या डॉक्टरांबरोबर ठरवा.

डोक्याला मार लागलेल्या माणसाचं डोकं दुखणं म्हणजे एकाच वेळी त्रासही असतो आणि निरोपही. त्रास कमी करायलाच हवा. पण निरोप ऐकू येणार नाही अशा पद्धतीने नाही. कवटी म्हणजे बंद डबा. आत रक्त साठू लागलं तर ते आम्हाला मुख्यतः चार गोष्टींवरून कळतं: माणूस किती शुद्धीवर आहे, उलट्या होतात का, हातपाय सारखे हलतात का, आणि दुखणं वाढतंय का. गुंगी आणणारं औषध दिलं की यातल्या पहिल्याच गोष्टीवर पडदा पडतो. झोप औषधाची की रक्तस्रावाची, हे मग कोणालाच सांगता येत नाही. त्या रात्री तुमच्या डॉक्टरांनी हात आखडता घेतला, त्यामागे बहुधा हेच कारण असावं. ते त्यांनी तुम्हाला समजावून सांगायला हवं होतं. दोन मिनिटांचं काम होतं, आणि ते न झाल्यामुळे तुम्ही रात्रभर ‘आमच्या माणसाकडे कोणी बघत नाही’ असं समजून बसलात. ती तुमची तक्रार मला रास्त वाटते.

नेमकं दुखतं काय, ते आधी पाहू. मेंदूला स्वतःला दुखत नाही. दुखतं ते डोक्याच्या कातडीला, हाडावरच्या पातळ पडद्याला, मेंदूवरच्या आवरणाला, आतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांना आणि मानेला. मानेचं कोणी लक्षात घेत नाही. गाडीवरून पडताना डोकं झटक्याने मागेपुढे होतं, मानेच्या वरच्या मणक्यांजवळच्या नसा दुखावतात, आणि त्या नसांचे धागे मेंदूत जिथे पोहोचतात तिथेच चेहऱ्या-कपाळाच्या नसांचे धागेही येऊन मिळतात. म्हणून मार मानेला आणि दुखतंय डोळ्याच्या मागे, असं होतं. अशा माणसाला विचारलं तर तो कपाळ दाखवतो. मानेच्या वरच्या टोकाला, कवटीच्या खाली दोन बोटं दाबली की ‘हां, इथेच’ म्हणून ओरडतो.

काही दुखणी तर आम्हीच तयार केलेली असतात. पारोळ्याकडचा एक म्हातारा बाबा आठवतो. रात्री दोन वाजता नातेवाईक तिसऱ्यांदा आले, ‘डोकं फुटी ऱ्हायनं म्हणतात, काहीतरी द्या.’ मी जाऊन पाहिलं तर डोक्याला पट्टी इतकी आवळलेली, की कपाळावर खाच पडली होती आणि कानाची पाळी पट्टीखाली दुमडून जांभळी झालेली. पट्टी सोडली, कान सरळ केला, सैल करून पुन्हा बांधली. डोळ्यांवर पडणारी ट्यूबलाइट बंद केली. पोटाला हात लावला तर लघवी तुंबलेली, भांडं दिलं. डोक्याकडची खाट थोडी उंच केली. वीस मिनिटांनी बाबा म्हणाले, ‘आते बरं वाटस.’ एक थेंब औषध लागलं नाही. तेव्हापासून दुखण्याची तक्रार आली की मी आधी पट्टी, मानेचा पट्टा, लघवी, उजेड आणि साखर पाहतो, मग औषधाचं कपाट उघडतो. आणखी एक, आपल्याकडे फार दिसणारं. दिवसाला सहा-सात कप चहा पिणाऱ्या माणसाला आम्ही ‘तोंडाने काही देऊ नका’ म्हणून अठरा तास ठेवतो, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचं डोकं ठणकतं ते चहा सुटल्यामुळे. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ च्या आसपास असतो, तेव्हा अंगातलं पाणी कमी होऊनही डोकं धरतं.

आता औषधांचं. माझी सुरुवात पॅरासिटामॉलनेच होते, आणि ते ‘हलकं’ औषध म्हणून नव्हे. ५० किलोच्या वर वजन असलेल्या मोठ्या माणसाला १ ग्रॅम, शिरेतून, १५ मिनिटांत. त्याने गुंगी येत नाही, डोळ्यांच्या बाहुल्या बदलत नाहीत, रक्त गोठायला अडथळा होत नाही. म्हणजे त्रास कमी होतो आणि निरोप तसाच ऐकू येतो. दर ६ तासांनी देता येतं, २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर नाही. वजन कमी असेल तर किलोला १५ मिलिग्रॅम या हिशोबाने. रोज दारू घेणाऱ्याला, लिव्हर बिघडलेल्याला, उपासमारीत असलेल्याला याहून बरंच कमी. बऱ्याच ठिकाणी चूक होते ती वेळेत. दुखेल तेव्हा मागा, असं सांगितलं जातं. पेशंट दोन तास कळ सोसतो, मग मागतो, मग सिस्टर दुसऱ्या पेशंटमध्ये अडकलेल्या असतात. पहिले २४ तास मी पॅरासिटामॉल घड्याळाप्रमाणे लिहितो, दुखो न दुखो. निम्म्याहून अधिक लोकांचं त्यावर भागतं, असा माझा अनुभव आहे.

दुखणं मोजायला पुस्तकात शून्य ते दहाचा आकडा विचारायला सांगतात. आपल्या शेतकरी पेशंटला तो पटकन जमत नाही. मी विचारतो, ‘रुपयातलं, म्हणजे सोळा आण्यांतलं, किती आणे दुखतंय?’ बारा आणे म्हणाला, औषधानंतर पाऊण तासाने सहा आणे म्हणाला, तर चाललंय बरोबर. सहाचे पुन्हा चौदा झाले, तर मी डोस वाढवत नाही. टॉर्च घेऊन खाटेपाशी जातो. दोन्ही बाहुल्या, दोन्ही हातांची पकड, नाव-गाव-वार विचारणं, नाडी, बीपी. नव्याने दुखणं वाढलं की नव्याने तपासणं, हा माझ्या कामाचा कणा आहे. वॉर्डमधल्या नव्या डॉक्टरांना मी एवढंच सांगतो, की फोनवरून दुखण्याचं इंजेक्शन सांगू नका, उठून जा.

ओकारी आणि मळमळीसकट डोकं दुखत असेल, उजेड सहन होत नसेल, म्हणजे अर्धशिशीच्या चालीचं असेल, आणि सीटी स्वच्छ असेल, तर मेटोक्लोप्रमाइड उपयोगी पडतं. ते उलटीचं औषध म्हणून सगळ्यांना माहीत आहे, पण डोकंही उतरवतं. न्यूयॉर्कमधली एक चाचणी २०२१ मध्ये छापून आली. डोक्याला मार लागल्यावर डोकं दुखतंय अशा १६० जणांपैकी अर्ध्यांना मेटोक्लोप्रमाइड आणि सोबत ॲलर्जीवरचं डायफेनहायड्रामाइन दिलं, अर्ध्यांना नुसतं सलाईन. औषधवाल्यांचं दुखणं जास्त उतरलं. मात्र त्याने थोडी पेंग येते आणि काहींना अंगात विचित्र अस्वस्थता येते, खाटेवर बसवत नाही. म्हणून मी १० मिलिग्रॅम सावकाश, सलाईनमधून १५ मिनिटांत सोडतो. आणि सीटीच्या आधी शक्यतो देत नाही, कारण वारंवार होणारी उलटी हीसुद्धा एक खूण आहे, ती पुसायची नसते.

जखमेचंच दुखत असेल तर सर्वांत चांगलं औषध म्हणजे जागेवरची भूल. टाके घालताना लिग्नोकेन नीट दिलं, पाच मिनिटं थांबलं, आणि शेवटी जखमेच्या कडेने जास्त वेळ टिकणारं बुपिव्हाकेन सोडलं, तर पुढचे काही तास त्या जागेचं दुखत नाही आणि मेंदूला त्याचा पत्ताही लागत नाही. आपल्याकडे घाईत ‘दोनच तर टाके आहेत’ म्हणून भूल न देता सुई घालतात. ते थांबलं पाहिजे.

मग ‘कडक’ इंजेक्शनं. गावाकडे चालणाऱ्या तीन गोष्टी मला रोज दिसतात. एक पेंटाझोसिन आणि प्रोमेथाझिनची जोडी, जिला लोक झोपेचं इंजेक्शन म्हणतात. दुसरं ट्रामाडॉल. तिसरं डायक्लोफेनॅक. पहिल्या जोडीने माणूस झोपतो. श्वास मंदावला तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, त्याने मेंदूतल्या रक्तवाहिन्या फुगतात आणि कवटीतला दाब वाढतो. आधीच दाब वाढत असलेल्या डोक्याला हे कसं झेपणार? ट्रामाडॉलने उलट्या होतात आणि झटका (फिट) येण्याची शक्यता वाढते, म्हणजे नेमक्या त्याच दोन गोष्टी ज्यांच्यावर आमचं लक्ष असतं. डायक्लोफेनॅकने गुंगी येत नाही, पण रक्त गोठवणाऱ्या पेशी काही तास सुस्तावतात. ॲस्पिरिनचा तसाच परिणाम तर ७ ते १० दिवस राहतो. आत कुठे झिरपत असेल तर ते थांबायला वेळ लागतो.

एक प्रसंग सांगतो, कुठल्या गावचा ते सांगत नाही. ट्रॉलीवरून पडलेला विशी-बाविशीचा मुलगा. कानाच्या वर मार. उठून चालत घरी गेला, तासाभराने डोकं धरून रडायला लागला. जवळच्या एका दवाखान्यात त्याला झोपेचं इंजेक्शन दिलं गेलं. घरचे निवांत झाले. आमच्याकडे आणला तेव्हा त्याची आई म्हणाली, ‘तीन तास झाले, शांत झोपलाय, फक्त घोरतोय.’ डाव्या डोळ्याची पापणी उघडली तर बाहुली टपोरी, टॉर्चला हलेना. कानाच्या वरचं हाड पातळ असतं, त्याच्या आतून एक धमनी जाते, हाड तडकलं की ती फाटते आणि मेंदूच्या आवरणाबाहेर रक्त साठतं. मधला एखाद-दोन तासांचा काळ माणूस बरा वाटतो, मग घसरणीला लागतो. त्या मुलाच्या बाबतीत घसरण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर झाली आणि ती झोप वाटली. ऑपरेशन झालं, मुलगा वाचला, पण बोलणं परत यायला पुढची अक्षय्य तृतीया उजाडली. चिठ्ठीवर कुठलं इंजेक्शन, किती वाजता, काहीच लिहिलेलं नव्हतं.

याचा अर्थ कडक औषध कधीच नाही, असा नाही. मांडीचं हाड मोडलंय, बरगड्या मोडल्यात आणि डोक्यालाही मार आहे, अशा माणसाला तळमळत ठेवणं मला मान्य नाही. दुखण्याने तो जोर करतो, बीपी चढतं, आरडाओरडा करतो, आणि ती अस्वस्थता मेंदूची की मोडलेल्या हाडाची हे कळेनासं होतं. तिथे आम्ही आधी शुद्ध, बाहुल्या आणि हातपाय तपासून वेळेसकट लिहून ठेवतो, मॉनिटर लावतो, आणि फेंटानिल २५ मायक्रोग्रॅमच्या छोट्या मात्रांत देतो. ते लवकर चढतं, लवकर उतरतं, त्यामुळे अर्ध्या-पाऊण तासात पुन्हा खरा माणूस तपासता येतो. पायाला नसेची भूल देता आली तर त्याहून उत्तम. ‘डोक्याचा मार आहे, दुखू द्या, म्हणजे कळेल’ ही शिकवण मीही ऐकलीय. ती चुकीची आहे. दुखणं ठेवून काही कळत नाही, तपासून कळतं.

अजून दोन सवयींबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. डोक्याला मार म्हटलं की डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड टोचायचं, ‘सूज उतरेल’ म्हणून. स्टेरॉइडचा हा समज १०,००८ पेशंटवरच्या एका मोठ्या चाचणीत तपासला गेला. २००४ मध्ये निकाल आला: स्टेरॉइड दिलेल्यांपैकी दोन आठवड्यांत २१ टक्के दगावले, न दिलेल्यांपैकी १८ टक्के. वीस वर्षं होऊन गेली तरी टोचणं चालूच आहे. दुसरी सवय, ‘बीपी वाढलंय म्हणून डोकं दुखतंय’ असं म्हणून बीपी झटक्यात उतरवायची गोळी जिभेखाली ठेवायची. कवटीतला दाब वाढला की मेंदूला रक्त पोहोचवण्यासाठी शरीर स्वतःच बीपी चढवतं, सोबत नाडी मंद होते. अशा वेळी बीपी पाडलं तर मेंदूचं उरलेलं रक्तही तोडलं. मार लागलेल्या माणसाचं बीपी वर आणि नाडी पन्नाशीत दिसली, तर गोळी शोधू नका, गाडी शोधा. १०८ ला फोन करा.

सीटीबद्दल. शुद्ध हरपलेली, मोटारसायकलवरून पडलेले, हेल्मेट नाही, म्हणजे काकांचा सीटी काढला ते योग्यच झालं. आम्ही २००१ सालचे कॅनडाचे निकष वापरतो. दोन तासांनीही पूर्ण शुद्ध नाही, दोन किंवा अधिक उलट्या, कवटी मोडल्याच्या खुणा, वय ६५ किंवा पुढे, यातलं एक जरी असलं तरी सीटी हवाच. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांना आणि झटका आलेल्यांना हे निकष लावायचेच नाहीत, त्यांचा सीटी मी सरळ काढतो. पण सीटी नॉर्मल म्हणजे त्या घटकेला कवटीत रक्त दिसलं नाही, एवढंच. मेंदूला बसलेला हादरा त्यात दिसत नाही. म्हणून ‘सीटी नॉर्मल, मग डोकं का दुखतंय, नाटक करतोय का’ असं घरच्यांनी म्हणू नये. मी ते खाटेशेजारी ऐकलंय आणि पेशंटच्या डोळ्यांत पाणी आलेलं पाहिलंय. हादऱ्याचं दुखणं खरं असतं.

धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात सीटी सहज मिळत नाही. तोरणमाळच्या घाटातून खाली यायलाच वेळ जातो. तिथल्या सहकाऱ्यांना माझी विनंती एवढीच असते: शिरेतून पॅरासिटामॉल द्या, मान सांभाळा, ऑक्सिजन लावा, दर पंधरा मिनिटांनी शुद्ध आणि बाहुल्या पाहून घड्याळातली वेळ टाकून चिठ्ठीवर लिहा. ‘८:१५ ला नाव सांगत होता, ८:४५ ला फक्त हुं म्हणतो’ एवढी एक ओळ मला पूर्ण फाइलपेक्षा जास्त सांगते. आणि पावरी किंवा भिलोरी बोलणाऱ्या माणसाला मराठीत प्रश्न विचारून ‘गोंधळलेला’ असं लिहू नका. सोबतच्या माणसाकडून विचारून घ्या. आमच्या सिस्टर अहिराणीत ‘तुनं नाव काय शे?’ विचारतात तेव्हा गप्प पडलेली माणसंही उत्तर देतात.

आतापर्यंतचं काकांपुरतं जोडून पाहिलं तर त्या रात्री औषध बरोबर होतं. समजावणं, पुन्हा येऊन पाहणं, पट्टी-उजेड-लघवी यांची चौकशी, हे झालं की नाही ते मला माहीत नाही, आणि खरा आराम बऱ्याचदा त्यातूनच मिळतो.

आता पाचव्या दिवसाचं. हादऱ्याचं दुखणं बहुतेकांचं एक-दोन आठवड्यांत उतरत जातं. दिशा महत्त्वाची. काल दहा आणे, आज आठ, उद्या सहा, तर काळजी नको. मेडिकलवरून कुठली गोळी आणलीय ते आधी पाकिटावर वाचा. तिथे बहुधा पॅरासिटामॉलसोबत ॲसिक्लोफेनॅक किंवा डायक्लोफेनॅक असतं. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं, म्हणजे नकळत दुप्पट मात्रा जाते. मी अशा वेळी नुसतं पॅरासिटामॉल ६५० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, जेवणाच्या वेळा धरून, तीन-चार दिवस देतो. आयबुप्रोफेनसारखं औषध सीटी स्वच्छ असेल आणि ४८ तास उलटून गेले असतील तर मी देतो, पण किडनी, पोटातला अल्सर आणि रक्त पातळ करणारी गोळी यांची खात्री करूनच, आणि दोन-तीन दिवसांपुरतं. याबाबत डॉक्टरा-डॉक्टरांत मतभेद आहेत, कोणी आधी देतात, कोणी आठवडा थांबतात. पण गावातलं ते इंजेक्शन मात्र घेऊ नका. पाचव्या दिवशी दुखण्याचं कारण न शोधता टोचलेली सुई एका संध्याकाळपुरती असते, आणि पुढचं दुखणं आलं की पुन्हा सुई मागायची सवय लागते. महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस साध्या गोळ्या, किंवा १० किंवा अधिक दिवस मिश्र (एकीत दोन-तीन औषधं असलेल्या) गोळ्या, असं तीन महिने चाललं की गोळीच डोकं दुखवू लागते. गोळी घेतली की उतरतं, उतरलं की चढतं, असे कितीतरी लोक माझ्याकडे येतात, आणि अपघात कधी झाला ते त्यांना आठवावं लागतं.

गोळीशिवायचं बरंच काही आहे. पहिले दोन दिवस विश्रांती ठीक, पण पंधरा दिवस अंधाऱ्या खोलीत झोपवून ठेवू नका. अंगणात चालू द्या, हलकी कामं करू द्या, डोकं जड झालं की थांबायचं. मोबाइल कमी. रात्रीची झोप पूर्ण. पाणी भरपूर, चहा नेहमीइतकाच, दारू अजिबात नाही. मान गरम पाण्याच्या पिशवीने शेका, आणि मालीशवाल्याकडून मान ‘मोडून’ घेऊ नका, ती फार घातक गोष्ट आहे, मानेतली रक्तवाहिनी फाटू शकते. जोवर डोकं गरगरतंय तोवर मोटारसायकल नाही, ट्रॅक्टर नाही, विहिरीवर एकट्याने जाणं नाही, झाडावर-धाब्यावर चढणं नाही.

एवढ्यात पुढचं काही दिसलं तर घरचे उपाय सोडून सीटीची सोय असलेल्या रुग्णालयात जा, मध्यरात्र असली तरी. दुखणं चढत जाणं. पुन्हा पुन्हा उलटी. दिवसा हलवूनही नीट जाग न येणं, बडबड, चिडचिड, माणसं न ओळखणं. एक हात-पाय जड पडणं, तोंड वाकडं, बोलणं अडखळणं, झटका. कानातून किंवा नाकातून पाण्यासारखं गळणं. तसं असेल तर नाक शिंकरू नका, कापूस कोंबू नका. बसलं की दुखतं आणि आडवं पडलं की थांबतं, हेही सांगा, त्यामागे मेंदूभोवतालचं पाणी झिरपणं असू शकतं. मानेच्या एकाच बाजूला दुखून त्याच बाजूची पापणी उतरली असेल, तेही.

घरात साठीच्या पुढचं कोणी असेल तर लक्ष ठेवायची मुदत आणखी लांबवा. वयाने मेंदू थोडा आक्रसतो, आवरणाखालच्या शिरा ताणलेल्या असतात, किरकोळ धक्क्याने त्या झिरपतात, आणि रक्त हळूहळू, दोन ते सहा आठवड्यांत साठतं. यावल तालुक्यातली एक आजी पाय घसरून ओसरीच्या पायरीवर आपटली होती. टेंगूळ आलं, हळद लावली, विसरून गेले. पाच आठवड्यांनी नातू सांगत आला, ‘डोकं दुखतं म्हणते, आणि डाव्या पायातली चप्पल वाटेत सुटते, तिला कळत नाही.’ त्या चपलेवरून आम्ही सीटी काढला. दोन भोकं पाडून काळं, पातळ रक्त काढलं, चौथ्या दिवशी आजी स्वतः चालत वॉर्डबाहेर आली. तिची हृदयाची ॲस्पिरिन सुरू होती, ते आम्ही विचारल्यावरच नातवाने सांगितलं.

लहान मुलांचं वेगळं लिहायला हवं, पण एक आत्ताच सांगतो. पॅरासिटामॉलचं सिरप ५ मिलीला १२० किंवा १२५ मिलिग्रॅमचं येतं, २५० चंही येतं, आणि थेंबांच्या बाटलीत तर १ मिलीलाच १०० मिलिग्रॅम असतं. ‘एक चमचा’ असं सांगणाऱ्याला बाटली दाखवा. मात्रा मुलाच्या वजनावर ठरते, चमच्यावर नाही.

काकांसाठी उद्याच्या दिवसात एवढं करा. टाक्यांना आठवडा होत आला की ते काढायला जावंच लागेल, पण त्याची वाट पाहू नका. उद्या सकाळीच त्यांना जिथे सीटी काढला तिथे किंवा तालुक्याच्या रुग्णालयात दाखवा. जाताना डिस्चार्ज कार्ड, सीटीची फिल्म, रोजच्या बीपी-शुगर-हृदयाच्या गोळ्यांची पाकिटं आणि मेडिकलवरून आणलेली रिकामी पट्टीसुद्धा पिशवीत घ्या. या पाच दिवसांत सकाळ-संध्याकाळ किती आणे दुखलं ते काकांनाच विचारून कागदावर लिहून न्या. आणि डॉक्टरांना आवर्जून सांगा, की एकदा मानही दाबून पाहा.